तापाचा दाखला

१

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता भाची मामांकडे आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. तिला वाटलं, मामा कडी लावायला विसरले असतील. तिने हाक मारली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि आत पाऊल टाकलं. टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फरशीवर मामा पडलेले होते.

मामांना सगळे कंपाउंडरच म्हणत. बावीस वर्षं त्यांनी एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या, औषधाच्या बाटल्यांवर खुणेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ते काम सुटलं, पण नाव काही सुटलं नाही. आता ते घरीच खलबत्ता घेऊन काही ना काही कुटत बसायचे आणि ओळखीच्यांना खोकल्याची पूड द्यायचे.

डोक्याला मागच्या बाजूने मार लागला होता. रक्त वाळत आलं होतं.

इन्स्पेक्टरबाई सहाच्या आत पोचल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. पोलीस ठाण्यात त्यांच्या माघारी त्यांना ‘कुलूप’ म्हणत. समोरचा बोलेपर्यंत त्या गप्प बसून राहायच्या, आणि ते गप्प बसणं समोरच्यालाच सोसायचं नाही.

खोलीत त्यांना दोन गोष्टी खटकल्या. खलातला लोखंडी बत्ता मोरीपाशी धुऊन उभा करून ठेवला होता. मारणाऱ्याने तो शांतपणे, चोळून धुतला असणार. आणि कंपाउंडरांच्या डोक्याखाली उशी होती. उशी म्हणजे इस्त्रीची घडी न मोडलेली पांढरी चादर, नीट चौकोनी, रक्ताने भिजलेली. पलीकडे खुर्चीवर सोडलेलं गाठोडं होतं. त्यात तशाच आणखी तीन चादरी होत्या. शिवाय टेबलावर एक पेला होता, त्यात दोन घोट पाणी उरलेलं.

हवालदार म्हणाला, “आधी डोकं फोडायचं आणि मग उशी द्यायची, हे काय नवीनच.”

“माणसं दोन असतील,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी एका चादरीचा कोपरा उलटला. तिथे न जाणाऱ्या शाईने एक फुली आणि दोन आकडे घातले होते. गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. ती खूण कोपऱ्यावरच्या लाँड्रीची होती, आणि लाँड्रीचे कपडे घरोघर पोचवायचा तो दादू.

२

दादू अठ्ठावीस वर्षांचा होता. अंगाने धिप्पाड, दाढी रोज वडील करून द्यायचे. अक्षरओळख होती, घड्याळ कळत नव्हतं. घरं मात्र पक्की ठाऊक होती. कुठलं गाठोडं कुठल्या दारात, यात त्याची आजवर एकदाही गल्लत झाली नव्हती. त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान बहीण, चिमी, त्याला दादू म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच म्हणायला लागली.

लाँड्री पुढच्या खोलीत होती आणि घर मागच्या. इन्स्पेक्टरबाई आत शिरल्या तेव्हा इस्त्रीचं टेबल मोकळं होतं, शेगडी मात्र धगधगत होती. वडिलांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि कुणी काही विचारायच्या आत खिशातून एक कागद काढून पुढे केला.

डॉक्टरांचा दाखला होता. रुग्णाला सकाळपासून जास्त ताप असून, आज दुपारी अडीच ते सव्वातीन या वेळात मी स्वतः त्याच्या घरी बसून उपचार केले आहेत, त्याला आठवडाभर विश्रांतीची गरज आहे. खाली सही, शिक्का, तारीख.

“मी हा मागितला नव्हता,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

वडील म्हणाले की गल्लीत आरडाओरडा ऐकला, कंपाउंडर गेल्याचं कळलं, आणि पोलीस आपल्याकडे येणार हे ओघानेच आलं. दादू त्यांच्याकडे जायचा ना. पण आज तो अंथरुणातून उठलेलाच नाही. कपडे कालच, मंगळवारी पोचवले होते.

हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. त्यामागचं कारण इन्स्पेक्टरबाईंना माहीत होतं, कारण त्याचा कागद त्यांच्याच ठाण्यात होता. पाच वर्षांपूर्वी एका माणसाने गंमत म्हणून दादूची पिशवी ओढली, दादूने त्याला ढकललं, त्याचं मनगट मोडलं. दादूला दोन दिवस कोठडीत ठेवलं होतं. बाहेर आल्यावर तो महिनाभर बोलला नव्हता. तेव्हापासून आई-वडिलांनी पोलिसांच्या गणवेशाचा धसका घेतला होता.

दादू मागच्या खोलीत खाटेवर होता, गळ्यापर्यंत दोन रजया. घामाने न्हालेला. इन्स्पेक्टरबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ त्यांच्या हातापेक्षा गार होतं. गोळीने ताप उतरला, असं आईने लगेच सांगितलं.

न्हाणीघराच्या दाराशी एक बादली होती. बाकीचे कपडे मोठ्या हौदात होते. ह्या बादलीत एकच चौकड्याचा शर्ट बुडवलेला होता. इन्स्पेक्टरबाईंनी पाण्यात बोट घातलं आणि सहज विचारलं, की रक्ताचा डाग कसा काढतात हो, माझ्याच्याने कधी निघत नाही.

आईने तीस वर्षं डाग काढले होते. ती बोलून गेली, “गरम पाणी लावायचंच नाही. पक्का बसतो. थंड पाणी, मूठभर मीठ, आणि...”

ती थांबली. बादलीतलं पाणी थंड होतं आणि तळाशी मीठ विरघळायचं राहिलं होतं. शेगडीवर मात्र हंडाभर पाणी उकळत होतं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. दादूला कुणी काही विचारलंही नव्हतं.

“मला ताप होता,” तो म्हणाला. मग वडिलांकडे बघून, बरोबर म्हटलं का, अशा चेहऱ्याने पुन्हा म्हणाला, “सकाळपासून मला ताप होता.”

३

गुरुवारी सकाळी कंपाउंडरांच्या वरच्या मजल्यावर राहणारी शिवणकाम करणारी बाई स्वतःहून जबाब द्यायला आली. बुधवारी ती दिवसभर मशिनवर होती. रेडिओवरच्या दुपारच्या बातम्या अडीचला संपल्या, त्यानंतर दहाएक मिनिटांत खाली काहीतरी दणकन पडलं. कंपाउंडरांचा खल पडला असेल असं समजून तिने पुन्हा पाय मारायला सुरुवात केली. ही गोष्ट तिने तोवर कुणाजवळ काढली नव्हती. आता सांगताना ती रडत होती.

म्हणजे घाव बसला तो अडीच आणि पावणेतीनच्या दरम्यान.

भाचीने चादरींचा प्रश्न निकालात काढला. मंगळवारी संध्याकाळी तिने स्वतः मामांची गादी झटकली होती. धुतलेल्या चादरी आल्या नव्हत्या, म्हणून जुनीच परत घातली होती. चादरी बुधवारी आल्या, दादूनेच आणल्या, दर बुधवारी आणतो तशा. दुपारी कधीतरी.

हवालदाराच्या मते आता उरलं काय होतं. मुलगा तिथे गेला, आई-बाप खोटं बोलतात, शर्ट भिजत पडलाय. गल्लीही तेच म्हणत होती. आदल्या आठवड्यात कॉलर जळाली म्हणून कंपाउंडर दादूला चार लोकांत बोलले होते, हे तीन जणांनी सांगितलं. तिघांनीही वर असंही सांगितलं, की पोरगं तसं गरीब आहे हो, पण एकदा डोकं फिरलं की काही खरं नाही.

इन्स्पेक्टरबाई टेबलावरच्या दाखल्याकडे बघत बसल्या होत्या.

“घरच्यांनी डॉक्टरांच्या हातापाया पडून लिहून घेतला,” हवालदार म्हणाला.

“घेतलाच असणार. पण वेळ बघ.”

हवालदाराने पाहिली. अडीच ते सव्वातीन.

“तुझ्या मुलाने काहीतरी केलंय असं तुला वाटलं, आणि तू दाखला मागितलास, तर कसला मागशील? दिवसभराचा. तुला काय ठाऊक, नक्की किती वाजता घडलं ते. दादूला घड्याळ कळत नाही, तो सांगू शकत नाही. हा कागद काल साडेसहाला माझ्या हातात आला. वेळ आपल्याला आज सकाळी कळली.” त्यांनी दाखला उलटा करून ठेवला. “जेवढं फाटलंय नेमकं तेवढंच ठिगळ कापून आणलंय. ज्याने कापलं त्याने भोक पाहिलेलं असणार.”

भाचीला त्यांनी पुन्हा बोलावलं आणि मामांचं काम कसं सुटलं ते विचारलं. भाची आधी काही बोलेना. इन्स्पेक्टरबाई गप्प बसून राहिल्या. मग ती बोलायला लागली.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात एक तान्हं मूल दगावलं होतं. औषधाची मात्रा दहापट होती. कंपाउंडरचा हात चुकला, असं डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं आणि मामांना काढून टाकलं. मामांचा हात चुकला नव्हता. डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठीच तशी होती. मामांनी तेव्हा विचारलंही होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, लिहिलंय तसं दे. मामांनी दिलं. ते दिल्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही, म्हणून दोन वर्षं सगळं ऐकून घेतलं. पण ती चिठ्ठी जपून ठेवली होती. गेल्या महिन्यात त्यांना त्या मुलाची आई बाजारात भेटली, आणि तिने यांना बघून रस्ता बदलला. त्या दिवसापासून मामांनी अर्ज लिहायला घेतला. गुरुवारी, म्हणजे आज, ते चिठ्ठी आणि अर्ज घेऊन वरच्या कचेरीत जाणार होते. जाण्याआधी एकदा डॉक्टरांना सांगायला हवं, असं मामांचं म्हणणं. बावीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय, पाठीमागून वार नको.

अर्ज आणि चिठ्ठी टेबलाच्या खणात असायची. खण रिकामा होता.

४

दवाखान्यात चार खुर्च्या, एक वजनकाटा आणि नावं पुकारायला एक नर्सबाई होत्या. डॉक्टर एका म्हातारीला तपासत होते, तोवर इन्स्पेक्टरबाईंनी नर्सबाईंशी गप्पा मारल्या. बुधवारचं काय विचारता, त्या म्हणाल्या, डॉक्टरांना धड जेवताही आलं नाही. दोनला बॅग घेऊन बाहेर पडले, कुठे ते सांगितलं नाही. साडेतीनला आले ते दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या. विचारलं तर म्हणाले, नळ अंगावर उडाला. जरा टेकतात तोच चारच्या सुमारास लाँड्रीवाल्याची मुलगी धापा टाकत आली, दादूला बघायला चला म्हणून. लगेच पुन्हा गेले. असा माणूस मिळायचा नाही.

“लाँड्रीकडे दुसऱ्यांदा गेले?”

नर्सबाईंनी आठवून पाहिलं. दुसऱ्यांदा असं चिमी काही म्हणाली नव्हती. ती म्हणाली, दादू कसंतरी करतोय, आजवर असं कधी झालं नाही.

डॉक्टर साठीच्या आतले, गोड बोलणारे होते. त्यांनी कंपाउंडरांबद्दल हळहळ व्यक्त केली. हाताखालचा माणूस होता, चूक झाली त्याच्या हातून, पण मनाने चांगला. दाखल्याबद्दल ते म्हणाले की लिहिलंय ते लिहिलंय. अडीचला मी तिथे होतो. मुलाची अवस्था बघवत नव्हती. चारला ताप पुन्हा चढला, म्हणून बहीण बोलवायला आली.

मग त्यांनी आवाज खाली घेतला. “मॅडम, त्या घराने त्या मुलासाठी काय काय सोसलंय, मी पाहिलंय. मी जे लिहून दिलंय त्यावर तुम्ही फार खोदू नका. त्यांच्यासाठी म्हणतोय.”

इन्स्पेक्टरबाईंनी मान डोलावली. डॉक्टरांनी एका दमात दोन कामं केली होती. स्वतः अडीचला कुठे होतो ते पक्कं केलं होतं, आणि मुलगा दोषी असल्याचं कानात सांगितलं होतं. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं. अडीचला डॉक्टर दादूजवळ असतील तर दादूने खून केला नाही. दादू कंपाउंडरांकडे असेल, तर डॉक्टर कुठे होते?

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला की मग उचलू या यांना.

“कशावर? तो मुलगा घरी होता असं त्याचे आई-बाप शपथेवर सांगतील. ते तसं सांगतील तोवर डॉक्टरही तिथेच होते. दाखला एक आहे, पण तो दोघांना पुरतोय.” त्या गाडीत बसल्या. “मुलाला वाचवायला म्हणून ते दोघं या माणसाला वाचवताहेत, आणि त्यांना ते ठाऊकही नाही.”

शुक्रवारी सकाळी शवविच्छेदनाचा अहवाल आला. इन्स्पेक्टरबाईंनी तो दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि हवालदारालाही दाखवला नाही.

५

शुक्रवारी दुपारी लाँड्री बंद होती. चौघं मागच्या खोलीत होते. दादू खाटेवर, आई त्याच्या पायाशी, चिमी खिडकीत. वडील उभेच होते.

इन्स्पेक्टरबाईंनी काहीही न लपवता सगळं मांडलं. चादरी बुधवारच्या. ताप नव्हताच. दादू तिथे गेला होता. मग त्यांनी दाखल्यातली वेळ सांगितली आणि विचारलं, ही तुम्ही सांगितलीत का डॉक्टरांना?

चिमीने उत्तर दिलं. “बाबा म्हणाले होते, सकाळपासून लिहा. वेळ डॉक्टरांनीच टाकली. म्हणाले, म्हणजे कुणाला शंका नको.”

“चिमे,” वडील म्हणाले.

“काय झालं, कुणाचं रक्त, हे विचारलं डॉक्टरांनी?” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

चिमी वडिलांकडे न बघता म्हणाली, “नाही. आम्हाला वाटलं, आमची लाज राखताहेत.”

इन्स्पेक्टरबाईंनी मग डॉक्टरांवरचा आपला संशय आणि पुढचंही सांगितलं. तुम्ही खरं बोललात तर दादू त्या खोलीत होता हे कबूल करावं लागेल. शर्ट धुतला, खोटी साक्ष दिली, याची शिक्षा तुम्हाला होईल. डॉक्टर म्हणतील, दया आली म्हणून खोटं लिहिलं, खून मुलानेच केला. मी त्यांना त्यातून सुटू देणार नाही, पण हमी देत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर दादूला कुणी हात लावणार नाही, आणि डॉक्टरांनाही नाही.

वडिलांनी फार वेळ घेतला नाही. “आमचा मुलगा घरी होता,” ते म्हणाले. “कंपाउंडर परत येणार नाहीत. याला पुन्हा कोठडीत मी पाठवणार नाही. तुम्ही पाहिलं नाहीत, तो महिना कसा काढला ते.”

“त्याला विचारलंत का, तिथे काय झालं?”

कुणी विचारलं नव्हतं. आईने शर्ट पाहिला, आणि तिला विचारायची गरज वाटली नाही. वडील पावणेचारला कंपाउंडरांच्या दारात जाऊन आले, रक्त पाहिलं, आणि त्यांनाही वाटली नाही. दोघांनी पाच वर्षं जे होईल म्हणून धास्ती घेतली होती, ते झालं होतं. आता फक्त निस्तरायचं होतं.

“मग डॉक्टरांना का बोलावलंत?” इन्स्पेक्टरबाईंनी चिमीला विचारलं. “ताप नव्हता, लागलेलं नव्हतं.”

“तो थरथरत होता. आल्यापासून एकच धोशा. डॉक्टर, डॉक्टर. आईचा हात धरून, ओढून. आम्हाला वाटलं, त्याला काहीतरी होतंय, म्हणून...”

ती बोलता बोलता थांबली. मग ती खिडकीतून उतरली आणि खाटेपाशी येऊन खाली बसली.

“दादू. डॉक्टर काय?”

दादूने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मान वळवली. मग त्याने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर त्याला काही वाचता आलं नाही. तो गोंधळला. “मला ताप...” त्याने सुरू केलं.

“नव्हता ताप,” आई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. “सांग राजा. डॉक्टर काय?”

“डॉक्टर हात धूत होते. मला म्हणाले, काका झोपलेत, तू जा. मग ते गेले. काका खाली झोपले होते. मी चादर दिली. पाणी दिलं. काका म्हणाले, घरी जा, सांग, डॉक्टरांनी मारलं, बाबांना बोलव.” त्याने एकेका शब्दाला एकेक बोट दुमडलं. “मी सांगितलं. डॉक्टर सांगितलं. तुम्ही डॉक्टरांनाच आणलंत.”

आईने तोंडावर हात दाबला.

वडिलांना मात्र वेगळंच काहीतरी ऐकू आलं होतं. ते हळूहळू वळले. “काका म्हणाले? काका बोलत होते?”

दादूने होकाराची मान हलवली.

वडिलांनी इन्स्पेक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी पर्समधून अहवाल काढला, पण उलगडला नाही. त्यातलं एकच वाक्य सांगायचं होतं, आणि ते सांगितल्यावाचून सुटका नव्हती.

“घाव पावणेतीनच्या आत बसला. जीव गेला तो चार वाजून गेल्यावर.”

पावणेचारला वडील त्या दारात उभे होते. आत पाऊल न टाकता ते परत फिरले होते.

६

जबाब वडिलांनी दिला. आईचा, चिमीचा दोष कमी दिसावा म्हणून त्यांनी धडपड केली, स्वतःच्या बाबतीत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. दारात उभं राहिल्याचंही लिहून दिलं. ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी, अपेक्षेप्रमाणे, दयेची गोष्ट सांगितली. या कुटुंबाने गळ घातली, मी विरघळलो, खोटं लिहिलं. अडीचला मी लाँड्रीत नव्हतोच. मग कुठे होता, असं विचारल्यावर त्यांनी एका रुग्णाचं नाव घेतलं. तो रुग्ण त्या आठवड्यात गावातच नव्हता. नंतर म्हणाले, गाडी नदीकाठी लावून झोपलो होतो. ओल्या बाह्या आणि दाखल्यातली वेळ मात्र त्यांना पुसून टाकता आली नाही. ती वेळ त्या दुपारी मारणारा आणि मार खाणारा सोडून कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच शिक्क्यावर होती. चिठ्ठी कधीच सापडली नाही. पण न्यायाधीशांनी भाचीवर विश्वास ठेवला. त्या तान्ह्या मुलाची आई रोज कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसायची.

दादूची साक्ष दोन दिवस चालली. डॉक्टरांच्या वकिलाने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, तुला काय बोलायचं ते कुणी शिकवलं होतं का. दादू म्हणाला, हो. कुणी? बाबांनी. कोर्टात हशा पिकला. दादूही हसला, कारण सगळे हसत होते. नंतर त्याने सगळं नीट सांगितलं, पण तो हशा चिमीच्या डोक्यातून गेला नाही.

डॉक्टरांना जन्मठेप झाली. वडिलांना दीड वर्ष, आईला वयाकडे पाहून ताकीद. वडिलांनी वरच्या कोर्टात जायला नकार दिला. वकिलाने समजावलं, चिमी रडली, तरी त्यांनी ऐकलं नाही. इन्स्पेक्टरबाई त्यांना एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात भेटल्या. वडिलांनी विचारलं, की मी तेव्हा आत गेलो असतो आणि गाडी मागवली असती, तर वाचले असते का. इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या की ते कुणी सांगू शकत नाही. हे खरं होतं, आणि त्याचा वडिलांना काडीचा उपयोग झाला नाही.

गल्लीने दादूला निर्दोष मानलं, पण कपडे दुसरीकडे द्यायला लागली. त्यात वैर नव्हतं. त्या घराशी काय बोलायचं हे कुणाला सुचत नव्हतं, एवढंच. लाँड्री आता आई आणि चिमी अर्धा दिवस उघडायच्या.

वडील तुरुंगात गेल्यावर महिन्याभराने भाची आली. तिच्या हातात गाठोडं नव्हतं. आई इस्त्रीच्या टेबलामागे होती. तिने घाईघाईने स्टूल पुढे केलं. भाचीने ते घेतलं नाही. ती दादूपाशी गेली, तो कोपऱ्यात हँगर लावत होता, आणि त्याला म्हणाली की मामा तुझ्याजवळ काय काय बोलले, ते मला सगळं सांग. कोर्टात सांगितलंस तेवढंच नाही. सगळं.

दादूने सांगितलं. काकांनी हात मागितला, तो दिला. काका म्हणाले, कॉलर जळाली तेव्हा मी उगाच ओरडलो तुझ्यावर. काका म्हणाले, जा, घरी सांग. तो गेला नाही, कारण मग काका एकटे पडले असते. तो तिथेच बसून राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. मग काका पुन्हा म्हणाले, आता जा, मी इथेच आहे. तेव्हा तो निघाला आणि वाटेत कुठेही न थांबता पळत आला.

भाचीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. ऐकून झाल्यावर तिने तो सोडला आणि डोळे पुसले.

आई टेबलामागून म्हणाली, “बाई, आम्हाला वाटलं...”

भाची दारापर्यंत गेली होती. तिथून ती वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर आईला बरं वाटलं असतं.

“त्याने निरोप वेळेत आणला होता,” ती म्हणाली, आणि पायरी उतरून निघून गेली.